असील, कडकनाथ की ब्रह्मा? सोलापुरात हौसेची कोंबडी निवडताना

अंडी किंवा मांस विकायचं असेल तर गिरिराज, वनराज अशा जाती घ्या आणि हा लेख इथेच सोडा. ही तुलना आहे ती एकच जात वर्षानुवर्षं सांभाळून, तिची पिढी सुधारत नेऊन, प्रदर्शनात पिंजऱ्यासमोर माणसं थांबतील असा पक्षी घडवू पाहणाऱ्यांसाठी. माझा कौल आधीच सांगतो. जागा मोकळी असेल तर असील. जागा बेताची असेल तर कडकनाथ. आणि ब्रह्मा त्यानेच घ्यावी, ज्याच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर कोणीतरी असतं.

सोलापुरात पहिला प्रश्न उन्हाळ्याचाच. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सोडवून धरते आणि खाणं टाकते. ब्रह्मा म्हणजे पिसांचा डोंगर. चीनमधून गेलेल्या पक्ष्यांपासून अमेरिकेत तयार झालेली, थंडी झेलायला घडलेली ही जात. अमेरिकी मानकानुसार पूर्ण वाढलेला नर साडेपाच किलोच्या आसपास भरतो. एवढ्या देहातली उष्णता त्या दाट पिसांतून बाहेर पडायला फार वेळ लागतो. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ब्रह्मा ठेवणं हा मला सरळ अन्याय वाटतो. कडुलिंबाची सावली, छपरावर पाचट किंवा ओलं गोणपाट, मातीच्या भांड्यात दिवसातून तीन-चार वेळा बदललेलं पाणी आणि दाणा फक्त पहाटे आणि दिवेलागणीला, एवढं जमणार असेल तरच विचार करा.

पावसाळ्यात तिची दुसरी अडचण कळते. ब्रह्माच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात आणि आपली काळी माती चिकट. ओल्या अंगणात तासभर फिरली की बोटांभोवती मातीचे गोळे बसतात, वाळले की दगडासारखे होतात, आणि ओढून काढले तर पिसासकट कातडी निघते. कोमट पाण्यात पाय भिजवून, गोळा बोटांनी चुरत हळूहळू सोडवावा लागतो. खाली वाळू किंवा भाताचं तूस असेल तर हा त्रास निम्म्याने कमी होतो. मात्र डिसेंबर-जानेवारीत नवी पिसं भरून आलेला ब्रह्मा नर पाहिला की त्याच्यासाठी एवढं करणारी माणसं का करतात, हे सांगावं लागत नाही. स्वभावही गरीब, लहान मुलांनी उचलून घेतली तरी चालते.

कडकनाथ याच्या अगदी उलट. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातला पक्षी, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नर दीड ते दोन किलोचा, चपळ आणि ऊन सोसणारा. दुपारी झाडाखाली खड्डा उकरून धूळ अंगावर घेत पडून राहतो, तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. सोबत वाढलेले नर बऱ्यापैकी एकत्र राहतात, म्हणून छोट्या परसातही कळप जमतो. कमी पडतो तो खुडूक होण्यात. मादी अंड्यांवर नेटाने बसत नाही, तेव्हा गावरान कोंबडीखाली अंडी रवणीला ठेवा नाहीतर अंडी उबवायचं यंत्र घ्या.

विकत घेताना चोच उघडून जीभ बघा. तुरा, जीभ, नखं, तळपाय सगळं काळं हवं. तुरा लालभडक दिसला तर संकर समजा. अंडं मात्र काळं नसतं, ते फिकट बदामीच असतं. त्यामुळे काळं अंडं दाखवून पैसे मागणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. २०१९ मध्ये परत खरेदीच्या हमीवर पश्चिम महाराष्ट्रातले किती शेतकरी कडकनाथच्या नावाखाली बुडाले, हे आपण पाहिलंच आहे. हौसेसाठी पाळा, हमीसाठी नको. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणाहून मूळ पिल्लं आणली तर पुढची मेहनत वाया जात नाही.

आता असील. माझं मन इथेच आहे. नर तीन ते चार किलोचा, पिसं तोकडी आणि अंगाला घट्ट, छातीचं हाड उघडं दिसणारं, मान लांब, चाल ताठ. पिसं कमी म्हणून उन्हाळा ब्रह्मापेक्षा कितीतरी सहज काढतो. तुरा डोक्याला चिकटलेला वाटाणा तुरा, गळ्याखालचे लोळ जवळपास नाहीतच. डोळा तरुणपणी पिवळसर आणि वय वाढेल तसा मोत्यासारखा पांढरा होत जातो. जाणकार आधी तोच बघतात. कडकनाथात एक पक्षी दुसऱ्यासारखा असणं हेच यश. असीलात मात्र प्रत्येक पक्षी वेगळा वाचावा लागतो, आणि पंधरा वर्षं पाळूनही शिकणं संपत नाही. तामिळनाडूत पोपटचोचीच्या, लांब शेपटीच्या असीलांची खास प्रदर्शनं भरतात. तसा पक्षी ठेवायचा तर बसायची दांडी उंच हवी, नाहीतर शेपटी जमिनीवर घासून झिजते.

किंमत मोजावी लागते ती जागेची. काही महिन्यांचे झाले की नर एकमेकांच्या जिवावर उठतात, प्रत्येकाला आडोशासह स्वतंत्र खण लागतो. मादी अंडी थोडी देते, पण रवणीला बसली की उठत नाही आणि पिल्लांसाठी मांजरावरही धावून जाते. असील ठेवलात की झुंजीसाठी नर मागणारे दारात येणार. त्यांना परत पाठवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे, आणि ज्याची मान आपण रोज हाताने कुरवाळली त्याला रक्तबंबाळ करायला देणं माणुसकीलाही धरून नाही.

आरवण्यात तिन्ही सारखेच. पेठेत भिंतीला भिंत लागून घर असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोला. खाद्याचं म्हणाल तर ज्वारी आपल्याकडे मुबलक, पण वाढत्या पिल्लांना नुसत्या ज्वारीवर प्रथिनं पुरत नाहीत. पहिले दोन महिने तयार खाद्यच द्या.

पिल्लं डिसेंबर-जानेवारीत काढा, म्हणजे उन्हाळ्याआधी अंग धरतात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास, आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की त्याच रोगाची आर-टू-बी लस. असीलाचा नर पहिल्याच हिवाळ्यात प्रदर्शनाला नेऊ नका, अंग भरायला त्याला दुसरा हिवाळा लागतो. आणि बाहेरून आणलेला कोणताही पक्षी, कितीही विश्वासाच्या माणसाकडचा असला तरी, तीन आठवडे जुन्या कळपापासून दूर ठेवा.