ग्रानादाचा अल्हांब्रा, कारंज्यांसाठी

स्पेनमधील ग्रानादाचा अल्हांब्रा हा महाल-किल्ला बहुतेक प्रवासी नक्षीकामासाठी पाहतात. परंतु केवळ कारंज्यांसाठी तिकीट काढावे अशा मोजक्या ठिकाणांत मी त्याची गणना करीन. उंच फवाऱ्यांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची मात्र निराशा होईल. चौदाव्या शतकात ग्रानादावर राज्य करणाऱ्या नासरी घराण्यातील सुलतानांच्या कारागिरांनी आपले कौशल्य पाणी उडवण्यापेक्षा ते आवरण्यात खर्च केले आहे.

मर्टल या सदाहरित झुडपांच्या चौकात हे सर्वांत स्पष्ट दिसते. सुमारे ३४ मीटर लांबीच्या हौदाच्या दोन्ही टोकांना जमिनीलगत संगमरवरी थाळीसारखी कारंजी असून त्यांतले पाणी जेमतेम उसळते आणि थेट हौदात न पडता अरुंद पाटातून संथपणे आत शिरते. त्यामुळे हौदाच्या पृष्ठभागावर फारसे तरंग उठत नाहीत आणि कोमारेसचा ४५ मीटर उंचीचा मनोरा पाण्यात अखंड उमटतो. प्रसिद्धी सिंहांच्या चौकाला मिळाली असली, तरी माझ्या मते ही योजना अधिक सूक्ष्म आहे.

सिंहांचा चौक पाचवा मुहम्मद या नासरी सुलतानाच्या काळातला. १२ संगमरवरी सिंहांच्या पाठीवर बाराकोनी कुंड आहे, सिंहांच्या मुखांतून पाणी पडते आणि चार दिशांचे चार पाट या कारंज्याशी एकत्र येतात. चौभागाची ही कल्पना छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्याची चारबाग पाहिलेल्यांना परकी वाटणार नाही. फरक इतकाच की येथे ती एका चौकात सामावलेली आहे. कुंडाच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीच्या ओळी कोरलेल्या असून, पाणी आणि संगमरवर यांतले नेमके वाहते कोण हे कळेनासे होते, अशा आशयाची कल्पना त्यांत आहे. अरबी येत नसल्यास या ओळींचे भाषांतर आधी वाचून जावे, कारण कुंडाकडे पाहण्याची दृष्टीच त्याने बदलते. २०१२ साली पूर्ण झालेल्या जतनकार्यात सिंहांवरचे क्षारांचे थर काढण्यात आले. आता कान, आयाळ आणि चेहरा यांतले भेद दिसतात आणि कोणतेही दोन सिंह हुबेहूब सारखे नाहीत हे ध्यानात येते.

शेजारच्या हेनेरालिफे उद्यानाबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. तेथील लांब पाटावर दोन्ही बाजूंनी कमानी धरणाऱ्या धारा छायाचित्रांत हमखास दिसतात, पण त्या एकोणिसाव्या शतकातील भर आहेत आणि मूळ वास्तूच्या संयमाशी त्यांचे जुळत नाही. त्यांच्यापाशी वेळ न दवडता वरच्या जलसोपानाकडे जावे. तेथे जिन्याच्या कठड्यांवरील पन्हळींतूनच पाणी खाली धावते, त्यात हात बुडवत पायऱ्या उतरता येतात, आणि दारो नदीतून सुमारे ६ किलोमीटर पाट काढून केवळ उताराच्या बळावर हे पाणी टेकडीवर कसे आणले असेल, याची कल्पना येते.

तिकिटावर नासरी महालांच्या प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि तिकीट नावावर असल्याने पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. केवळ उद्याने व किल्ल्याचे स्वस्त तिकीटही मिळते. परंतु त्यात वर सांगितलेले दोन्ही चौक येत नाहीत, म्हणून कारंज्यांसाठी जाणाऱ्याने ते घेऊ नये.