समूहगानाचा रविवारचा वर्ग : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

लालबाग-परळ भागातील एक सामाजिक संस्था दर रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळेत नऊ ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी समूहगानाचा वर्ग चालवते. माझा मुलगा दोन वर्षांपासून तेथे जातो आणि येत्या जूनपासून धाकट्या मुलीचेही नाव घालायचे आहे, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. पुढे एक तक्रारही असल्यामुळे संस्थेचे नाव लिहिलेले नाही. या भागात राहणाऱ्यांना ते विचारावे लागणारही नाही.

वर्गाची सूत्रे दोघांकडे आहेत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक संगीतशिक्षिका आहेत, त्यांना सगळी मुले ‘बाई’ म्हणतात. आणि बँकेत नोकरी करून पेटीची साथ करणारा एक तरुण आहे, तो सगळ्यांचा ‘दादा’. शुल्क दरमहा 300 रुपये आहे. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्याकडून घेतले जात नाही, आणि कोण भरते व कोण भरत नाही याचा पत्ता मुलांना लागत नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

पालकांच्या पहिल्याच बैठकीत बाईंनी सांगितले होते की येथे गायक घडवायचे नाहीत. एकत्र गाता येणारी माणसे घडवायची आहेत. अशी वाक्ये बैठकीत बरी वाटतात, म्हणून मी ते फारसे मनावर घेतले नव्हते. मुंबईत ही परंपरा जुनी आहे, असेही त्या म्हणाल्या : राष्ट्र सेवा दलाची कलापथके, सलील चौधरी यांनी उभा केलेला बॉम्बे यूथ कॉयर, शाळकरी मुलांकडून समूहगीते बसवून घेणारे वसंत देसाई, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या परांजोती कोरसचे अनेक वर्षे संचालन करणाऱ्या कुमी वाडिया, ज्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बाईंची स्वतःची पद्धत या सगळ्यांच्या मधली आहे. चाल एकच असते, तिच्याखाली मोठ्या मुलांचा एक गट षड्ज (सा) किंवा पंचम (प) धरून ठेवतो, आणि क्वचित एखाद्या ओळीत दुसरा सूर वेगळ्या वाटेने जातो. राज्यगीत मात्र त्या एकसुरातच गाऊन घेतात. 2023 मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा मिळाला तेव्हाच त्याचे दोन चरण ठरले, त्यात आपली कारागिरी घुसवायची नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

या पद्धतीचा खरा उपयोग मला गेल्या वर्षी कळला. तेरावे सरता सरता मुलाचा आवाज फुटू लागला. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज हळूहळू सप्तकभर खाली उतरतो, आणि मधल्या काही महिन्यांत कोणता सूर लागेल याचा नेम राहत नाही. मी शाळेत असताना अशा मुलांना सरळ ‘नुसते तोंड हलव’ म्हणत; मी स्वतः दोन स्नेहसंमेलने तशी काढली आहेत. येथे बाईंनी मुलाला खालचा पंचम धरायला दिला आणि शेजारी आवाज फुटून स्थिरावलेला एक मोठा मुलगा उभा केला. ‘तुला त्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तू मोठ्याने गातोयस, आणि तुझाच ऐकू येत नसेल तर घाबरून गातोयस,’ एवढीच सूचना होती. वर्ग सोडायचा म्हणणारा मुलगा टिकला.

दोन वर्षे झालेल्या मुलांना बाई गटप्रमुख करतात. हजेरी घेणे, ओंकाराने गळा तापवून घेणे आणि नव्या मुलांना एक अंतरा बसवून देणे ही त्यांची कामे. फेब्रुवारीत मी मागच्या बाकावर बसून एक वर्ग पाहिला. पंधरा वर्षांच्या गटप्रमुख मुलीने पेटीशिवाय, अंदाजाने सूर दिला आणि पट्टी चढी लागली. मुखडा निभावला, अंतऱ्यात तार षड्ज आला तेव्हा अर्धी मुले गप्प झाली आणि उरलेली किंचाळली. दादाचा हात पेटीकडे गेला होता, पण बाईंनी त्याला खुणेने थांबवले. मुलीने हात वर करून गाणे थांबवले, म्हणाली, ‘माझी पट्टी चुकली, आपण खालून घेऊ,’ आणि पुन्हा सूर दिला. कोणी हसले नाही. कित्येक कार्यालयांत हे वाक्य वर्षभरात एकदाही ऐकू येत नाही.

आता तक्रार. बाई आजारी होत्या आणि दादा गावी गेला होता, अशा एका रविवारी गटप्रमुखांनीच वर्ग घेतला. गाणे ठीक झाले असेल. पण साठेक मुले तिसऱ्या मजल्यावर आणि मोठे माणूस कोण, तर खाली फाटकावर बसलेले रखवालदार. दोन लहान मुलांची जिन्यात मारामारी झाली, एकाच्या भुवईला खोक पडली, आणि पालकांना निरोप गेला तो चाळीस मिनिटांनी, तोही एका गटप्रमुखाच्या आईच्या फोनवरून. मुलांवर जबाबदारी टाकणे निराळे आणि मोठ्यांनी नसण्याची सोय त्यातून करून घेणे निराळे. मी हे बाईंना समोरच सांगितले. त्यांनी सबब न सांगता ऐकून घेतले आणि तेव्हापासून दर रविवारी दोन पालक पाळीने थांबतात. ही पाळी फलकावर लावलेली असते, तरी मी अधूनमधून जाऊन पाहतो.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. कार्यक्रमाची तारीख ऐनवेळी बदलते, व्यासपीठावर तीनच माईक असल्याने मागच्या रांगेतली मुले ऐकूच येत नाहीत, आणि गणपतीच्या आधीचे दोन-तीन रविवार बाहेरच्या ढोलताशांपुढे कोणाचाच सूर ठरत नाही. पण त्याचा दोष लालबागमध्ये राहून कोणाला द्यायचा?

प्रवेश जूनच्या पहिल्या रविवारी असतो. आवाजाची परीक्षा घेत नाहीत. मुलाला एक ओळ गायला सांगतात आणि मग शेजारच्या मुलाने काय गायले ते विचारतात. मुलीला मी त्याच प्रश्नाची तयारी करायला सांगितले आहे. जिने चढावे लागतात, पाण्याची बाटली घरूनच न्यावी.