मुंबईच्या रात्रीचे छायाचित्रण: मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स, ट्रायपॉड की मोबाइल?

रात्रीचे छायाचित्रण मनापासून सुरू करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न पैसे कशावर घालावेत हा असतो. हाताशी एखादा साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स असते, खिशात बऱ्यापैकी मोबाइल असतो, आणि पुढची खरेदी मोठ्या अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या) प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सची करावी, चांगल्या ट्रायपॉडची करावी, की काहीच न घेता मोबाइलच्या नाइट मोडवर भागवावे, हे ठरत नाही. याबाबतचे सल्ले बहुधा अंधार हीच मुख्य अडचण आहे असे धरून दिले जातात. मुंबईत मात्र खराखुरा अंधार शोधूनच काढावा लागतो. इथे छायाचित्र बिघडते ते प्रकाश कमी असल्यामुळे नव्हे, तर एकाच चौकटीत तीन-चार जातींचे प्रकाश एकमेकांत मिसळल्यामुळे. त्यामुळे या तीन पर्यायांची तुलना दोन प्रश्नांच्या आधारे करणे मला योग्य वाटते: समोरच्या दृश्यात काय हलते आहे, आणि त्यावर पडणारा प्रकाश कोणत्या दिव्याचा आहे.

दिव्यांचा विचार आधी करू, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून आहेत. जुन्या सोडियम दिव्यांचे रंगतापमान (आकडा लहान तितका प्रकाश पिवळट, मोठा तितका निळसर) सुमारे २००० केल्विन असते आणि त्यांचा बहुतांश प्रकाश पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात एकवटलेला असतो. निळा जवळजवळ नसतोच. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात निळ्याचे एक उंच शिखर आणि त्यानंतर पिवळ्याचा रुंद उंचवटा असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये हिरव्याची झाक असते, ती डोळ्यांना जाणवत नाही, पण कॅमेऱ्यात चेहऱ्यावर स्पष्ट उमटते. शहराने हा बदल डोळ्यांनी अनुभवला आहे: २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले, तेव्हा ‘क्वीन्स नेकलेस’ची झळाळी गेली म्हणून मोठी ओरड झाली आणि पुढे तिथे पुन्हा उबदार छटेचे दिवे आले. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती. सोडियमच्या प्रकाशात ज्या रंगांची माहितीच सेन्सरपर्यंत पोहोचत नाही, ते रंग संपादनात कितीही खटपट केली तरी परत आणता येत नाहीत. एलईडीच्या प्रकाशात ते निदान नोंदले तरी जातात.

आता हालचालीकडे वळू. किट लेन्स पूर्ण झूमवर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितके अ‍ॅपर्चर मोठे). एफ/१.८ची प्राइम लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ज्या दृश्याला किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ठेवूनही सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तेच दृश्य त्याच आयएसओवर १/१२५ सेकंदात मिळते. हा फरक कागदावर कोरडा वाटतो, पण १/१५ला चालणारा माणूस म्हणजे एक धूसर पट्टा असतो आणि १/१२५ला त्याच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात. कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील स्टॅबिलायझेशन इथे उपयोगी पडत नाही. ते आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. अनंत चतुर्दशीला लालबागच्या रस्त्यावर नाचणाऱ्या मंडळींसाठी तर १/२५०च्या आसपास जावे लागते, आणि तिथे किट लेन्सचा निभाव लागत नाही.

मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमतही मोजावी लागते. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८वर ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचे छायाचित्र घेतले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम १७ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे पुढच्या माणसाचे डोळे स्पष्ट आले, की त्याच्या खांद्यामागचा मित्र धूसर होणारच. समूहाच्या छायाचित्रासाठी अ‍ॅपर्चर लहान करावे लागते आणि लेन्सचा अर्धा फायदा तिथेच संपतो. याच कारणाने एफ/१.४ किंवा एफ/१.२च्या महाग लेन्सवर सुरुवातीलाच पैसे घालू नयेत असे माझे ठाम मत आहे; एफ/१.८वरून एफ/१.४वर गेल्याने पाऊण स्टॉपही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) मिळत नाही, किंमत मात्र कैकपटींनी वाढते.

वेगवान शटरची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. लोकलच्या फलाटावर १/५०० सेकंदाने लागोपाठ छायाचित्रे घेतली, तर एक उजळ, दुसरे अंधारे आणि तिसरे किंचित पिवळट येते. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर वापरला तर चौकटीत आडवे पट्टेही उमटतात. अशा ठिकाणी १/१०० किंवा १/५० ठेवावा आणि यांत्रिक शटर वापरावा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती सुरू ठेवावी. जाहिरातींच्या एलईडी पडद्यांचे लुकलुकणे मात्र या आकड्याला जुमानत नाही, तिथे शटर कमी-जास्त करून पाहण्याला पर्याय नसतो.

ट्रायपॉडवर यातील एकही कटकट नाही. शटर कित्येक सेकंद उघडा राहिल्यामुळे दिव्यांचे लुकलुकणे आपोआप विरून जाते, आयएसओ १००वर काम होते, एफ/८ ठेवता येते आणि रस्त्यावरच्या दिव्यांना ताऱ्यांसारखे टोकदार किरण फुटतात. लेन्सच्या अ‍ॅपर्चरची पाती सम संख्येत असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. वांद्र्याच्या किल्ल्यावरून दिसणारा सागरी सेतू किंवा गिरगाव चौपाटीच्या बाजूने दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान यांसारखी दृश्ये ट्रायपॉडशिवाय पूर्ण न्यायाने टिपता येत नाहीत, हे मान्यच करायला हवे.

ट्रायपॉडचा खरा मोठा लाभ मात्र माझ्या मते वेगळा आहे. तो कॅमेरा एकाच जागी स्थिर ठेवतो, म्हणून तेच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरने (सेन्सरवर कमी-जास्त प्रकाश पडू देऊन) आणि वेगवेगळ्या वेळी टिपून नंतर एकत्र करता येते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण २२ ते २५ मिनिटांत नागरी संधिप्रकाश संपतो. त्या अवधीत आकाशाचा निळा प्रकाश आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश जवळपास तुल्यबळ होण्याची वेळ काही मिनिटांचीच असते. त्याआधी दिवे फिके दिसतात आणि त्यानंतर आकाश काळे पडते. कॅमेरा आधीपासून लावून ठेवला असेल, तर आकाश ज्या क्षणी सुंदर होते त्या क्षणीचे आकाश आणि दिवे ज्या क्षणी भरात येतात त्या क्षणीचे दिवे, दोन्ही हाती लागतात. याच कारणासाठी दीर्घ एक्स्पोजरनंतर कॅमेऱ्याने स्वतःहून करायचे नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा कमी करणे) संधिप्रकाशात बंद ठेवावे. ते प्रत्येक छायाचित्रानंतर एक्स्पोजरइतकाच वेळ पुन्हा घेते, आणि तेवढा वेळ तेव्हा परवडत नाही.

ट्रायपॉडच्या मर्यादा बऱ्याचशा या शहराच्या आहेत. दादरच्या फुलबाजारात, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत किंवा विसर्जनाच्या गर्दीत तीन पाय पसरून उभे राहणे शक्यही नसते आणि योग्यही नसते. महत्त्वाच्या इमारतींसमोर हातातल्या कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण ट्रायपॉड उभा केला की सुरक्षारक्षक चौकशीला येतो. रेल्वेच्या आवारात तर परवानगीचा विचार आधीच करून जावे. समुद्रावरचा वारा हलका ट्रायपॉड थरथरवतो, त्यामुळे मधला दांडा वर न काढता, शक्य असेल तर त्याला पिशवी अडकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून छायाचित्र घ्यावे. लेन्सवरचा यूव्ही फिल्टरही रात्री काढून ठेवावा, कारण तेजस्वी दिव्यांची उलटी प्रतिबिंबे त्याच्यावरूनच चौकटीत शिरतात. खाऱ्या तुषारांसाठी खिशात कापड असले की पुरे.

मोबाइलचा पर्याय कमी लेखू नये. गूगलने २०१८ साली नाइट साइट आणि अ‍ॅपलने २०१९ साली आयफोन ११मध्ये नाइट मोड आणल्यापासून रात्रीच्या छायाचित्रणाची किमान पातळी खरोखरच वर गेली आहे. तो अनेक चौकटी घेऊन एकमेकींवर बसवतो. नऊ चौकटींची सरासरी काढली की त्यातील दाणेदारपणा साधारण एक तृतीयांशावर येतो, आणि लहान सेन्सरची उणीव मोठ्या प्रमाणात भरून निघते. स्थिर उभी इमारत, पावसात चमकणारा रस्ता, खिडकीतून दिसणारी वस्ती यांसाठी तो पुरेसा आहे. चालती माणसे मात्र त्यात विरघळतात किंवा त्यांच्या कडा तुटक येतात, उघड्या दिव्यांचे हिरवट ठिपके चौकटीत दुसऱ्या टोकाला उमटतात, आणि सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे तो रात्रीला संध्याकाळ करून टाकतो. सावली किती गडद ठेवावी हा निर्णय छायाचित्रकाराचा असायला हवा. मोबाइल तो बहुधा स्वतःच घेऊन मोकळा होतो.

संपादनाच्या बाबतीत तिन्हींतील अंतर सर्वाधिक दिसते, म्हणून इथे थोडे सविस्तर. कॅमेऱ्याची रॉ फाइल (सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती) १२ किंवा १४ बिटांची असते, जेपेग ८ बिटांची. सोडियमच्या प्रकाशात घेतलेल्या जेपेगमध्ये निळी वाहिनी (निळ्या रंगाची नोंद) जवळजवळ रिकामी असते, ती ताणली की त्वचेवर डाग आणि ठिपके येतात. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगजुळणी) २५०० केल्विनच्या खाली जात नाही, म्हणजे २००० केल्विनचा दिवा कॅमेऱ्यात पूर्णपणे सावरताच येत नाही; रॉ फाइल असेल तर ते काम संगणकावर करता येते. त्यासाठी पैसे भरून लाइटरूम हे सॉफ्टवेअर घेतलेच पाहिजे असे नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आणि समर्थ आहेत, शिकायला थोडी अधिक चिकाटी लागते इतकेच.

दादरच्या फुलबाजारातील पहाटेचे एक दृश्य समोर ठेवू. विक्रेत्याच्या डोक्यावर पांढरा एलईडी बल्ब लटकतो आहे, त्याच्याखाली पांढऱ्या शेवंतीची रास आहे, शेजारी झेंडू आहे, आणि मागचा रस्ता सोडियमच्या दिव्याने नारिंगी झाला आहे. व्हाइट बॅलन्स रस्त्यावर जुळवला तर रस्ता राखाडी होतो, पण शेवंती थंड निळी पडते आणि झेंडूतला जीव जातो. तो शेवंतीवर जुळवला तर फुले आणि विक्रेत्याचा चेहरा नैसर्गिक येतात, मागचा नारिंगी तसाच राहतो. दुसरा मार्गच बरोबर आहे: ज्या प्रकाशात आपला विषय उभा आहे त्याच्याशी व्हाइट बॅलन्स जुळवावा, मागचा प्रकाश त्याच्या रंगात राहू द्यावा, आणि तो फारच भडक वाटत असेल तर मास्क लावून फक्त त्या भागाची रंगतीव्रता थोडी उतरवावी. चेहऱ्यावर केवळ सोडियमचाच प्रकाश असेल तर रंगाचा हट्ट सोडून छायाचित्र कृष्णधवल करावे. ती माघार नसते, कारण त्या प्रकाशात छटांचा उतार अतिशय देखणा असतो.

रंगीत रोषणाईचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. १८८७च्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी दर्शनी भागावर जेव्हा गडद निळे किंवा जांभळे एलईडी सोडले जातात, तेव्हा निळी वाहिनी काठोकाठ भरून वाहते, आणि साध्या हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) मात्र सगळे ठीक दिसते. कमानींवरचे कोरीवकाम एका सपाट निळ्या डागात बुडते. लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहावा आणि एक-दीड स्टॉप कमी एक्स्पोजर ठेवावे. रॉ फाइलमधील सावल्या नंतर उचलता येतात, भरून गेलेली वाहिनी नाही. दाणेदारपणा कमी करताना आधी रंगीत ठिपके काढावेत आणि उजेडातील बारीक दाणे बरेचसे राहू द्यावेत, नाहीतर माणसांची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते.

ज्याला माणसे, बाजार, सण आणि रस्ते टिपायचे आहेत त्याने निःशंकपणे प्राइम लेन्स घ्यावी: एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर ३५ मिलिमीटर एफ/१.८, फुलफ्रेम असेल तर ५० मिलिमीटर एफ/१.८. ज्याचे मन इमारती, पूल आणि समुद्रकिनाऱ्यावर आहे, त्याच्यासाठी किट लेन्स एफ/८वर उत्तम चालते आणि पैसे ट्रायपॉडवरच जावेत. ज्याला हौस आहे पण ओढ अजून कुठे ठरलेली नाही, त्याने आधी लेन्स घ्यावी असे मी सुचवेन. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तांदळाची छोटी थैली ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला, तर आठ-दहा सेकंदांचे एक्स्पोजर स्वच्छ मिळते. चौकट थोडी हवी तशी बसत नाही, पण काम होते. एफ/५.६च्या लेन्सला एफ/१.८ करणारा असा कोणताही जुगाड नाही. ट्रायपॉड घ्यायचाच झाला तर सर्वांत स्वस्त प्लॅस्टिकचा घेऊ नये. वरळीच्या वाऱ्यात तो थैलीपेक्षाही कमी उपयोगाचा ठरतो, त्यापेक्षा पैसे साठेपर्यंत कठड्यावर भागवावे.