केनियाचं काझी न्यायालय: बायकांना कुठे कामाचं, कुठे तोकडं

लग्न, घटस्फोट, वारसा आणि वैयक्तिक दर्जा, एवढीच प्रकरणं इथे चालतात. तीही दोन्ही बाजू मुस्लिम असतील आणि दोघांनाही हे न्यायालय मान्य असेल तरच. 2010च्या राज्यघटनेतल्या 170व्या कलमाची ही अट. नवऱ्याने सुरुवातीलाच हरकत घेतली, तर दावा तिथेच अडकू शकतो.

साक्षीच्या बाबतीत मात्र हे न्यायालय त्याच्या ख्यातीपेक्षा बरंच उजवं. दोन बायका म्हणजे एक पुरुष, हा हिशेब इथे चालत नाही. काझी न्यायालय कायद्याचं 6वं कलम सांगतं की साक्षीदार ऐकताना लिंगभेद करायचा नाही, आणि निर्णय साक्षीदारांच्या संख्येवर नव्हे, पुराव्याच्या विश्वासार्हतेवर द्यायचा.

घटस्फोटात बहुतेक घोळ अर्जातच होतो. सुटका लवकर व्हावी म्हणून बाई ‘खुला’, म्हणजे बायकोच्या मागणीवरून होणारा घटस्फोट, मागते आणि मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, परत करून मोकळी होते. नवरा खर्चाला देत नसेल, मारहाण करत असेल आणि ते सिद्ध करता येत असेल, तर ‘फस्ख’, म्हणजे न्यायालयाने लग्न मोडणं, मागावा. दोष नवऱ्याचा ठरला की मेहर सहसा तिच्याकडेच राहतो. थकलेली पोटगी आणि इद्दतीचा (घटस्फोटानंतर पुन्हा लग्न करण्याआधी थांबायच्या काळाचा) खर्च त्याच अर्जात, महिनावार आकड्यांसह मागावा. ‘योग्य ती रक्कम’ असं मोघम लिहून हाती फारसं लागत नाही.

वारशात समानतेची अपेक्षा ठेवून जाऊ नये. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर 24 हिश्श्यांपैकी पत्नीला 3, मुलाला 14, मुलीला 7. घटनेचं 24(4) कलम या न्यायालयांपुरती समानतेच्या हक्काला मुरड घालतं. पण न दिलेला मेहर हे मृताचं कर्ज असतं. ते वाटणीआधी वसूल होतं, म्हणून विधवेने आधी तो दावा लावावा. वाटणी उरकल्यावर भावकीकडून पैसे काढणं महाकठीण. संसारात मिळवलेल्या मालमत्तेसाठी 2013चा कायदा मुस्लिमांना इस्लामी कायदा लागू ‘होऊ शकतो’ एवढंच म्हणतो. घर उभारण्यात बाईचा पैसा असेल, तर वकिलाला हे आवर्जून विचारावं.

मुलांचा ताबा आणि खर्च इथे मागण्यापेक्षा बाल न्यायालयात जाणं सोयीचं, अधिकारक्षेत्राचा वाद टळतो. काझीच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात. तिथे मुख्य काझी किंवा दोन काझी सल्ल्याला बसतात, निकाल न्यायाधीशच देतात.