सात महिने भूसुरुंगरोधक गाडीच्या स्टिअरिंगवर

गडचिरोलीच्या बंदोबस्तावर सात महिने एमपीव्ही, म्हणजे भूसुरुंगरोधक गाडी चालवून नुकताच सोलापूरला आलोय. विजापूर रोडवरच्या आमच्या गल्लीतली पोरं रोज विचारतात, "मामा, त्या गाडीला बॉम्ब लागतच नाही ना?" लागतो. म्हणूनच हे लिहितोय. गाडी कुठल्या कंपनीची आणि आमचा तळ कुठे, हे सांगणार नाही.

खाली वाकून पाहिलं की गाडीचं मर्म कळतं. पोट सपाट नाही, होडीच्या तळासारखं व्ही आकाराचं पोलाद आहे. स्फोटाचा दणका त्या तिरक्या पत्र्यावरून दोन्ही बाजूंना निसटतो. पोट जमिनीपासून उंच, कारण अंतर वाढलं की मार कमी होतो. चाक उडून गेलं तरी माणसांचा डबा शाबूत राहावा, असा हिशेब. १९७० च्या दशकात रोडेशिया (आताचं झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत सुरुंगांनी माणसं मरत होती, तिथे ही रचना घडली.

पण तिला मर्यादा आहे. चिलखती गाडी किती मार सोसते हे ठरवणाऱ्या नाटोच्या स्टॅनाग ४५६९ मानकात दुसरा स्तर ६ किलो स्फोटक झेलण्याचा, तिसरा ८ आणि चौथा १० किलोचा. रस्त्याखाली पुरणारा माणूस हे आकडे पाहून पुरत नाही. त्यामुळे गाडी असली तरी आधी पायी पार्टी रस्ता तपासते, मगच मी पहिला गिअर टाकतो.

आता बेल्ट. सगळ्यांत जास्त मला याबद्दलच बोलायचंय. आतल्या सीट फरशीला ठोकलेल्या नाहीत, वरून आणि बाजूच्या भिंतीला टांगलेल्या आहेत. पाय फरशीवर न टेकवता पट्टीवर ठेवायचे, कारण फरशीचा धक्का सरळ टाचेतून कण्यात जातो. चार पट्ट्यांचा बेल्ट. स्फोटात गाडी उचलली जाते, आणि बेल्ट नसलेल्या माणसाचं डोकं छताला लागतं. पोलादाने वाचवलेला माणूस पोलादावरच आपटून जायचा. तरी उकाड्यात पोरं बेल्ट सोडतात. जाकीट, हेल्मेट, त्यात बंद डबा. सोलापूरचा मे महिना अंगावर काढलेला मीसुद्धा त्यात भिजून निथळायचो. त्यांचा राग येत नाही, काळजी वाटते.

ऑगस्टमध्ये एका रपट्यावर पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. मागे पाण्याचा वीस लिटरचा कॅन सुटा होता, तो उडून एका जवानाच्या गुडघ्यावर बसला. आठ दिवस लंगडत होता बिचारा. तो नुसता खड्डा होता. त्या दिवसापासून आत काहीही सुटं ठेवलं नाही. घरून आणलेला शेंगाचटणीचा स्टीलचा डबासुद्धा पिशवीत घालून हुकाला बांधायचो. सगळ्यांचे बेल्ट हाताने ओढून बघितल्याशिवाय गाडी हलवायचो नाही. एक नवा पोरगा म्हणाला, "दादा, दहा मिनिटांचाच रस्ता आहे." मी किल्ली काढून हातात घेतली. त्याने बेल्ट लावला.

चालवायला गाडी जड. उंच असल्यामुळे वळणावर कलंडते, ट्रकच्या अंदाजाने वेग ठेवलात तर फसाल. जाड काचेतून कडेचं नीट दिसत नाही, मागे घेताना खाली माणूस उभा लागतोच. पावसात कच्च्या रस्त्यावर रुतली की अर्धा दिवस गेला. जुन्या मोरीवर आधी उतरून पाहायचं. इंजिनाने मात्र एकदाही दगा दिला नाही.

१ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ स्फोटात आपले १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. ते खाजगी गाडीत होते, खाली असलं पोलादी पोट नव्हतं. त्या भागातून जाताना मी दरवेळी त्या ड्रायव्हरचा विचार करायचो.

पुन्हा पाठवलं तर हीच गाडी मागेन. बनवणाऱ्यांकडे मागणी दोनच: मागच्या सीटपर्यंत वारा पोचू द्या, आणि बेल्टचं बक्कल असं करा की हातमोजा घालूनही एका हाताने लागेल आणि सुटेल.