आर्टेमियाची अंडी, सीलबंद डबा: महाग आहे पण घ्याच

गप्पी आणि फायटर माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांसाठी लिहितोय. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची अंडी घरी फोडून निघालेली पिल्लं माशांच्या पिल्लांना जिवंत खाणं म्हणून घालायची. आधी एका दुकानातून झिपच्या पिशवीत भरलेली सुटी अंडी आणायचो, स्वस्त पडायची पण निम्मी सुद्धा फुटायची नाहीत आणि दुकानदार म्हणणार तुमचं पाणीच बरोबर नसेल. आता अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची सीलबंद डब्यातली घेतली, पाणी तेच, मीठ तेच, पंप तोच, आणि रिझल्ट बघून खरंच खूश झालो. ही अंडी हवेतला ओलावा लगेच ओढतात त्यामुळे पावसाळ्यात सुट्या मालाची वाट लागते, डबा उघडला की लगेच घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवायचा.

सेटअप साधाच आहे, कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगलीय, लिटरला साधारण 25 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, पाव चमचा अंडी आणि तळापासून जोरात हवा, एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा दगड) नको. पाणी 26-28 डिग्री असलं तर 24 तासात फुटतात, पुण्याच्या थंडीत दीड दिवस धरा नाहीतर शेजारी बल्ब लावा, सुरुवातीचे काही तास उजेड लागतोच त्यांना.

पंप बंद करून दहा मिनिटं थांबलात की टरफलं वर तरंगतात आणि खाली आर्टेमियाच्या पिल्लांचा केशरी ढग जमतो, तळाशी टॉर्च धरला तर सगळी उजेडाकडे येतात, एकदम बघण्यासारखं असतं ते!! मग एअरच्या नळीने ओढून बारीक कापडातून गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि टँकमध्ये. न फुटलेली अंडी पण तळाला बसतात म्हणून अगदी शेवटचा गाळ घेऊ नका, ती किंवा टरफलं माशांच्या पिल्लांच्या पोटात अडकू शकतात. या डब्यात तो गाळ फारच कमी निघतो आणि माझ्या मते जास्तीचे पैसे तिथेच वसूल होतात.

फुटल्यावर लवकरात लवकर खायला घाला, पोटातला बलक पहिल्या दिवसातच संपत जातो आणि मग त्यात फारसा कस उरत नाही. टाकताना पण थोडी थोडीच, गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, उरलेली मेली की पाणी खराब.

डब्यावर पॅकिंगची तारीख मात्र इतकी बारीक छापलीय की भिंगच लागेल, विकत घेतानाच वाचून घ्या. चार स्टार. घरी एखादाच टँक असेल तर मोठा डबा नको, छोटा घ्या, उघडल्यावर वर्षभर पडून राहिला तर फुटायचं प्रमाण घसरतं.