पोट झाकलं का? एक कसोटी, एक मर्जी

अमेरिकेत शाळांच्या बहुतेक चिअरलीडिंग संघांना एनएफएचएस या शालेय क्रीडा संघटनेची नियमावली लागू असते. तिथे कसोटी सरळ: मुलगी सावधानमध्ये उभी राहिली की पोट झाकलेलं हवं. हात वर गेल्यावर टॉप दोन बोटं सरकला, तर कुणी ओरडत नाही. पंचाला उघड दिसतं, वाद तिथंच मिटतो.

खासगी जिमच्या, फक्त स्पर्धेसाठी उतरणाऱ्या ऑल-स्टार संघांत क्रॉप टॉप, म्हणजे पोट उघडं ठेवणारे आखूड टॉप, सर्रास. त्यांची नियामक संस्था यूएसएएसएफ सांगते, केसांतला बो (रिबिनीचं फूल) डोळ्यांवर येऊ नये, ते कळतं. पण पोशाख ‘शोभेसा’ हवा, असंही ती सांगते; तो म्हणजे नेमका कोणता? एखाद्या मुलीचा तोच टॉप एकाला चालतो, दुसऱ्याला खुपतो. गुण कापले तर भोगते मुलगी. कपडे निवडलेले जिमने, पैसे आईबापांचे! मला शाळेचीच पद्धत पटते, मास्तरी वाटली तरी.